फुटाला दोन सूत

टाइल माझ्या हातात आली. एका बाजूने जरा उचलली आणि तव्यावरची भाकरी सुटून यावी तशी सगळी आली. तीन दिवसांपूर्वी मिस्त्रींनी ती घट्ट मालात थापीच्या दांड्याने ठोकून बसवली होती आणि "आता घण घातला तरी निघायची न्हाई, ताई" असं सांगून चहाला गेले होते. मी फक्त कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं होतं. टाइल आणि तिला चिकटलेला सिमेंटचा माल असे दोघे मिळून वर आले. खालचा कोबा होता तसाच राहिला, काळा आणि किंचित चमकणारा. मालाची खालची बाजू मी नाकाशी नेली. कटिंग ऑइल. हा वास मी झोपेतही ओळखेन, कारण पप्पा बावीस वर्षं रोज रात्री तोच वास घेऊन जेवायला बसायचे.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. नवीन सेटिंग लागलं की आमच्याकडे पहिला जॉब काढून तपासतात आणि तो ओके झाल्याशिवाय लॉट चालू करत नाहीत. फर्स्ट पीस म्हणतात त्याला. ती सवय घरी आणून मी मिस्त्रींना म्हटलं होतं, अख्खं बाथरूम बसवायच्या आधी एक टाइल लावून बघू. ते हसले होते. लातूरकडचे, साठीला आलेले, अर्धं आयुष्य या शहरात गवंडीकाम केलेले. साईटवर येऊन अक्कल शिकवणाऱ्या मॅडम त्यांना नवीन नव्हत्या. निघालेली टाइल दाखवली तेव्हा मात्र हसले नाहीत. उलटी करून पाहिली, वास घेतला आणि विचारलं, "हे घर हाय का कारखाना?"

दोन्ही होतं.

चिखलीत आमचं अर्ध्या गुंठ्यातलं घर आहे. अर्धा गुंठा म्हणजे साधारण ५४४ चौरस फूट. त्यात वर दोन खोल्या आणि खाली शटरचा गाळा. या बाजूला अशी घरं गल्लोगल्ली दिसतील, वर संसार आणि खाली लेथ, ड्रिलिंग, नाहीतर पावडर कोटिंग. शहराची गोष्ट सांगताना लोक मोठी नावं घेतात. १९५४ साली स्थापन झालेली पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ सालची एमआयडीसी, मग टेल्को, बजाज. ते सगळं खरंच आहे. पण त्या मोठ्या गेटांच्या आत जाणारी बुशं, पिना आणि स्पेसर कितीदा अशाच एखाद्या शटरच्या मागे वळली जायची, आणि वरच्या मजल्यावर कुणाची तरी मुलं त्या घरघरीत अभ्यास करत असायची. मशीन थांबलं की मला जाग यायची.

पप्पा १९८९ मध्ये जामखेडकडून आले. आयटीआय टर्नर. नऊ वर्षं भोसरीत दुसऱ्याच्या मशीनवर काढली आणि १९९८ मध्ये जुना सहाफुटी लेथ घेऊन खालच्या गाळ्यात बसवला. पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत जवळपास सारखंच आहे. २००७ मध्ये आकुर्डीच्या बजाज कारखान्यातलं उत्पादन थांबलं, तिकडे चाकण वाढत गेलं, कामं मोशीचा इंद्रायणी पूल ओलांडून पलीकडे जाऊ लागली. मोठ्या व्हेंडरांनी सीएनसी घेतले. एका गिऱ्हाइकाने आठ महिने बिल अडकवून ठेवलं. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायला हवं असा २००६ चा कायदा आहे, हे पप्पांना माहीत होतं. कायदा दाखवला की पुढची ऑर्डर येत नाही, हेही माहीत होतं. २०१९ ची मंदी कशीबशी निघाली, २०२० चा लॉकडाऊन निघाला नाही. लेथ विकला. टेम्पो आला, चेन ब्लॉक लावला आणि दोन तासांत गाळा रिकामा झाला.

मग २०२३ च्या नोव्हेंबरात पप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. हळूहळू काही शब्द परत आले, पाय काठीच्या आधाराने ओढत टाकता यायला लागला. हात नाही आला.

वरचं बाथरूम आमच्यासारख्या धडधाकट माणसांसाठी होतं. दोन फुटी दार आणि चार इंचांचा उंबरा. चार इंच म्हणजे काय असतं ते मला तोपर्यंत कळलेलं नव्हतं. चार इंच पाय उचलता येत नाही म्हणून माझा बाप दारात उभा राहून थरथरतो, मागून आई त्याच्या पँटचा कमरेपाशी घट्ट धरते, पुढून मी हात देते, आणि तिघंही एकमेकांकडे बघत नाही. शेवटी आम्ही तो नाद सोडला. आई खोलीतच प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आंघोळ घालायला लागली. एक बादली, एक मग, खाली जुनी ताडपत्री. आंघोळ चालू असेपर्यंत पप्पा डोळे मिटून घ्यायचे. साबण लागतो म्हणून असेल असं मला वाटायचं. एकदा बघितलं, तर आई बादली भरायला गेली होती, अंगावर अजून पाणीही पडलं नव्हतं, आणि त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

म्हणून खालचा गाळा. तिथे पलंग टाकायचा, कोपऱ्यात बाथरूम काढायचं, जिन्याचा प्रश्नच मिटवायचा.

कागदावर हे सोपं दिसत होतं. पण आमचा गाळा आता जमिनीच्या पातळीवर राहिलेला नाही, जवळजवळ तळघर झालाय. आम्ही तो खाली नेलेला नाही. दर दोन-तीन वर्षांनी रस्त्यावर डांबराचा, मग काँक्रीटचा नवा थर पडत गेला, जुना कुणी उकरला नाही, आणि रस्ता फूटभर वर आला. पूर्वी पप्पा गाळ्यातून रस्त्यावर उतरायचे, आता रस्त्यावरून गाळ्यात उतरावं लागतं. तिथे सळया आत ढकलायला त्यांनी चेकर्ड प्लेटचा उतार केलेला होता, तो आता खुर्चीला उपयोगी पडला. पण रस्ता वर गेला तसं ड्रेनेजचं चेंबरही वर गेलं होतं. मिस्त्रींनी लेव्हल ट्यूब काढली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक इथे, एक टोक तिथे, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. हिला ना बॅटरी लागते ना कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. चेंबरचा तळ आमच्या कोब्यापेक्षा फक्त नऊ इंच खाली निघाला.

"म्हंजे बाथरूम ह्याच कोपऱ्यात," मिस्त्री म्हणाले. लांबच्या कोपऱ्यातून अठरा फूट पाइप आणायचा म्हटला तर उतारातच साडेचार इंच जातात, त्यात चार इंची पाइप, वर टाइलचा थर. नऊ इंचांत बसत नाही. चेंबरला लागून असलेला कोपरा तेवढा जमत होता. लेथचा कोपरा.

सुरुवातीला मला वाटलं होतं, कोबा तर आहेच, वर टाइल चिकटवायची. बहुतेक लोक तेच करतात. फरशी चांगली दिसते, वर्षभर टिकते, मग चालताना कुठेतरी बद्द आवाज यायला लागतो, एक टाइल हलते, तिच्या फटीतून पाणी खाली जातं आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीला पोपडे येतात. दोष टाइलला दिला जातो. बिचारी मोरबीहून एवढ्या लांब आलेली असते.

निघालेल्या टाइलनंतर मी आणि मिस्त्रींनी कोब्यावर पाण्याचे थेंब टाकले. तुमच्याकडे जुनी फरशी असेल तर तुम्हीही करून बघा, खर्च शून्य आहे. काँक्रीट स्वच्छ असेल तर थेंब पसरतो, मिनिटभरात आत जातो, तिथे काळसर डाग दिसतो. आमचे थेंब अळूच्या पानावर बसावेत तसे गोल बसून राहिले. लेथच्या जागी, चकच्या बाजूला तर फुंकर मारली की पळायचे. बावीस वर्षांचं कटिंग ऑइल, दुधासारखं पांढरं कूलंट, बेडवे पुसताना सांडलेलं तेल, असं सगळं त्या कोब्याने पिऊन ठेवलं होतं.

"ॲसिड मारू," बिगारी म्हणाला. ॲसिड मारलं. जिथे तेल नव्हतं तिथे फेस आला, जिथे तेल होतं तिथे ॲसिडसुद्धा थेंब होऊन बसलं. ॲसिड सिमेंटमधला चुना खातं, तेलाला हात लावत नाही, म्हणजे चांगला भाग खराब करून आम्ही खराब भाग तसाच ठेवला. मग कॉस्टिक सोडा. त्याने खाद्यतेलाचा साबण होतो, मशीनचं खनिज तेल मात्र त्याला दाद देत नाही. मग कंपनीतल्या मेंटेनन्सच्या दादांना विचारून डीग्रीजर आणला, ताठ ब्रशने घासला, वर लाकडाचा भुसा टाकला, धुतलं, पुन्हा घासलं. संध्याकाळी कोबा कोरडा झाला तेव्हा थेंब आत गेला. मी फोटो काढला, आईला दाखवला. आई म्हणाली, "थेंबाचे फोटो काढतेस, जेवून घे."

चौथ्या दिवशी त्याच जागी थेंब पुन्हा गोल बसला. पृष्ठभाग धुतला की खालचं तेल बारीक छिद्रांतून हळूहळू वर येतं, दिव्याची वात तेल ओढते तसं. त्याच रात्री मी दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने सील करून कोब्यावर लावलं. सोळा तासांनी काढलं तर आतून घाम फुटलेला. म्हणजे वरून तेल आणि खालून जमिनीची ओल.

"ताई, फोडावंच लागंल," मिस्त्री म्हणाले. तसंही फोडावं लागणारच होतं. उंबरा नको असेल तर बाथरूमची टाइल गाळ्याच्या कोब्याशी सपाट यायला हवी, आणि तिथून उतार खालीच जायला हवा. कोब्यावर थर चढवला असता तर मी पप्पांसाठी पुन्हा एक उंबराच बांधला असता.

आता उताराबद्दल. मिस्त्री सुतात बोलतात. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. आंघोळीच्या जागेत फुटाला दोन सूत उतार. त्यापेक्षा कमी दिला तर पाणी रेंगाळतं, जास्त दिला तर काठी टेकणाऱ्या माणसाला तोल सांभाळता येत नाही. मी मनात ते मिलिमीटरमध्ये केलं, मीटरला साधारण वीस. आणि मला पप्पांची मशीन बसवतानाची गोष्ट आठवली, जी ते दर दसऱ्याला मशीनच्या पूजेनंतर सांगायचे. भोसरीच्या जुन्या मालकाकडून त्यांनी प्रिसिजन लेव्हल उसनी आणली होती. मीटरला ०.०२ मिलिमीटर फरक दाखवणारी, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. खाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवत, नट आवळत, सैल करत, दोन रात्री घालवून त्यांनी लेथचा बेड लेव्हलला आणला. तो जरा जरी पिळलेला राहिला तर जॉबला टेपर येतो. त्यासाठीच खालचं फाउंडेशन त्यांनी दीड फूट खोल घातलं होतं, जाळी टाकून. आणि मी आता त्याच जागी त्याच्या हजारपट वाकडेपणा मुद्दाम आणणार होते. मिस्त्रींना हे सांगितलं, तर म्हणाले, "पाण्याला लेव्हल चालत न्हाई, ताई."

फोडायचं ठरलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कोपरा रिकामा करायला गेले. जुनी प्लायवूडची फळी होती, तिच्यावर रद्दी. ती उचलली. खाली चार फाउंडेशन बोल्ट होते. पाच सुती, कोब्यातून वर आलेले, लेथ ज्यांच्यावर आवळलेला होता ते. मशीन काढताना नट सोडवले होते, बोल्ट तसेच राहिले होते. एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की प्रत्येक बोल्टला कॉटन वेस्ट गुंडाळलेलं होतं आणि वर बाइंडिंग वायरचा पीळ. मी एक सोडवलं. आत आट्यांवर ग्रीस. बोट फिरवलं, कुठेही गंज नाही. नट परत लावून ठेवला होता आणि दोन बोटांनी फिरवला की गरगर फिरत होता.

२०२० मध्ये मशीन गेली. म्हणजे त्यानंतर, झटका येईपर्यंत तीन वर्षं, कुणीतरी हे नियमाने करत होतं.

आईला विचारलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. "मला वाटायचं पेपर वाचायला जातात खाली," एवढंच म्हणाली.

मिस्त्रींनी सकाळी बोल्ट पाहिले आणि ब्रेकर बाजूला ठेवला. "मालकाला इचारा एकदा." त्यांचं बरोबर होतं. मी विचारलं नाही. गुरुवार होता, आमच्या पट्ट्यातला सुट्टीचा वार, शेजारचे गाळे बंद, आवाजाची कटकट कुणाला होणार नव्हती. आई पप्पांना रिक्षाने फिजिओथेरपीला घेऊन गेली होती, अकराच्या आत येणार नव्हती. मी स्वतःला सांगितलं की त्यांना उगाच त्रास कशाला. खरं कारण वेगळं होतं. ते "नको" म्हणाले असते तर माझ्याकडे दुसरा कोपरा नव्हता. आणि झटक्यानंतर त्यांना नीट म्हणता येणाऱ्या पाच-सहा शब्दांपैकी "नको" हा एक आहे.

"काढा," मी म्हटलं.

ग्राइंडरने चारही बोल्ट कापले. ठिणग्या उडाल्या, तापलेल्या ग्रीसचा धूर झाला. मग ब्रेकर. पप्पांनी काम इतकं पक्कं करून घेतलं होतं की अर्ध्या तासाने बिगारी ब्रेकरवर कोपर टेकून म्हणाला, "ह्यात काय पूल उभा करणार होते का?" वरचा इंचभर थर काळा होता. त्याखाली काँक्रीट एकदम स्वच्छ करडं निघालं, ताजं वाटावं असं. त्यावर मी थेंब टाकला, तो क्षणात आत गेला. क्वालिटीवालीला जो आनंद व्हायला हवा तो मला झाला, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

पावणेबाराला रिक्षा आली. वर नेण्याआधी पप्पांना शटरपाशी खुर्चीत दम घ्यायला बसवायचो, तसं बसवलं. ते कोपऱ्याकडे बघत राहिले. खड्डा, राडा, घमेली, उघडी पडलेली जाळी. मी काहीतरी बडबडत होते, उंबरा राहणार नाही, दार बाहेर उघडेल, दांडा लावू, गरम पाण्याचा नळ डाव्या हाताला घेऊ. त्यांनी डावा हात वर केला. मी थांबले.

"बोल्ट?"

बिगाऱ्याने ते बाकी लोखंडाबरोबर पोत्यात भरले होते आणि सकाळीच फेरीवाला भंगारवाला पोतं घेऊन गेला होता. खोटं बोलता आलं असतं, ठेवलेत म्हणून. "भंगारात गेले, पप्पा."

"हं," ते म्हणाले. मग बराच वेळ शब्द शोधत राहिले. तोंड हलत होतं, येत नव्हता. मी अंदाज बांधत होते, राग असेल, शिवी असेल. शेवटी आला तो शब्द "किलो" होता. आईला आधी कळलं. ते विचारत होते, भंगाराला काय भाव दिला.

मी भाव विचारलाच नव्हता. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती जुनी नजर होती, दहावीत गणितात सोपी बेरीज चुकल्यावरची.

नंतरचं काम मी इथे फार सांगत बसत नाही, ते कुठल्याही चांगल्या बाथरूममध्ये असतं तेच होतं. पाइप आणि नहाणी ट्रॅप बसवला. उताराचा माल भरला, ओळंबा-दोरी लावून, फुटाला दोन सूत. भिंत आणि जमीन मिळते त्या कोनात सिमेंटचा गोल वाटा काढला, कारण काटकोनातच तडा जातो. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा एक उभा, भिंतीवरही चढवून. इथे मिस्त्री दुसरा हात घाईत त्याच दिवशी मारायला निघाले होते, त्यावरून आमचं भांडण झालं. दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "वाळलं का तुमचं?" आम्ही दोघंही हसलो.

पाणी साठवून बघायची वेळ आली तेव्हा आईचा संयम संपला. आमच्याकडे २०१९ पासून नळाला पाणी दिवसाआड येतं. "लोकांना प्यायला पाणी नाही आणि ही खाली तळं करून बसलीय." ट्रॅपला बोळा लावून दोन इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली, शेजारी तेवढंच पाणी भरलेली बादली ठेवून तिच्यातही रेघ मारली. अठ्ठेचाळीस तासांनी बाथरूममधलं पाणी एक सूत खाली आलं होतं. बादलीतलंही एक सूत. म्हणजे उडून गेलं, मुरलं नाही. ते पाणी मग आईने बादल्यांनी काढून कुंड्यांना आणि जिन्याला घातलं, थेंबही चेंबरात जाऊ दिला नाही.

टाइल फूट बाय फूट, खरखरीत. मोठी टाइल उताराला नीट वळत नाही. मिस्त्री त्यांच्या पद्धतीने मागे पाच ठिपके देऊन बसवणार होते, चार कोपरे आणि मध्ये एक. मी दातेरी थापीने सगळीकडे ॲडहेसिव्ह पसरायला लावलं. ठिपक्यांच्या मध्ये पोकळी राहते आणि काठीचं टोक नेमकं पोकळीवर पडतं. पहिली टाइल पुन्हा फर्स्ट पीस. तीन दिवसांनी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. टाइलची कड फुटली, टाइल निघाली नाही. मिस्त्रींनी नवी टाइल लावायचे पैसे माझ्याकडून वेगळे घेतले आणि ते योग्यच होतं.

काम झाल्यावर पप्पांना खुर्चीतून दारापर्यंत आणलं. काठी टेकत, पाय ओढत ते आत गेले. कुठेही अडलं नाही. आम्ही तिघं बाहेर. त्यांनी डाव्या हाताने मग भरला आणि भिंतीच्या कडेला पाणी ओतलं. पाणी सरळ ट्रॅपकडे गेलं. दुसरा मग उलट्या बाजूला. गेलं. तिसरा त्यांनी मागच्या कोपऱ्यात ओतला, टेलस्टॉक असायचा तिथे. पाणी आलं, निम्म्यात थबकलं आणि तळहाताएवढं तळं तिथेच राहिलं. पप्पांनी काठीच्या टोकाने ते मिस्त्रींना दाखवलं.

मिस्त्री खाली वाकले, बोट बुडवलं. "एक सूत बी न्हाई, मालक. पुसून घ्यायचं."

पप्पांनी बोटं वर केली. तर्जनी आणि अंगठा, मध्ये जेमतेम फट. मग मान हलवली. कंपनीत जॉब रिजेक्ट करताना आम्ही जेवढी हलवतो तेवढीच. मिस्त्रींनी दोन टाइल काढून परत बसवायची तयारी दाखवली, मनापासून दाखवली. पप्पा म्हणाले, "नको."

दार बाहेर उघडणारं आहे. कडी अशी बसवलीय की बाहेरून नाणं घालून उघडता येते, डॉक्टरांनीच तसं सुचवलं होतं. आणि कडी लावायची नाही, नुसतं लोटून घ्यायचं, असं आम्ही पप्पांना दहा वेळा सांगितलंय. पहिल्या दिवशी ते आत गेले, दार लोटलं. आई आणि मी बाहेर उभ्या. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून हातात धरलं. आत नळ सुरू झाला, बादली भरायला लागली.